भार आणि रीत

१९७२ च्या सप्टेंबर महिन्यात म्युनिक येथील ऑलिंपिक सामन्यांत भारोत्तोलनाच्या सर्वांत वजनदार गटाची स्पर्धा झाली. सोव्हिएत संघाचा वासिली अलेक्सेयेव्ह हा तीत विजयी झाला. त्या काळी या स्पर्धेत तीन प्रकार असत. अलेक्सेयेव्हने प्रेस या प्रकारात २३५ किलोग्राम, स्नॅचमध्ये १७५ आणि क्लीन अँड जर्कमध्ये २३० किलोग्राम वजन उचलले, एकूण ६४०. आकडे दिपवून टाकणारे आहेत यात शंका नाही. परंतु जाणत्या माणसाची नजर त्यांवरून फिरताना एका ठिकाणी अडखळते. पहिला आकडा तिसऱ्या आकड्याहून मोठा आहे, आणि तो तसा असावयास नको होता.

याचे कारण त्या दोन प्रकारांच्या रचनेत आहे. प्रेसमध्ये वजनाची दांडी प्रथम छातीपर्यंत घ्यावयाची, पंचाचा इशारा मिळेपर्यंत स्थिर उभे राहावयाचे, आणि मग गुडघे ताठ व अंग सरळ ठेवून केवळ खांद्यांच्या व बाहूंच्या बळावर ती डोक्यावर न्यावयाची. जर्कमध्ये पायांचे साहाय्य घेण्याची मुभा असते. गुडघे किंचित वाकवून दांडीला खालून उसळी द्यावयाची, तिच्याखाली चपळाईने शिरावयाचे आणि उभे राहावयाचे. मनुष्यदेहात पायांचे बळ बाहूंच्या बळाहून कितीतरी अधिक असते. ज्या प्रकारात पाय कामास येतात त्या प्रकारात वजनही अधिक उचलले जावे, हे उघड आहे.

पूर्वी तसेच घडत होते. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये दोन्ही हातांनी करावयाच्या या तीन प्रकारांची स्पर्धा सुरू झाली. तेथे सर्वांत वजनदार गटात जर्मनीचा योसेफ श्ट्रासबर्गर पहिला आला. त्याचा प्रेस १२२.५ किलोग्रामचा, स्नॅच १०७.५ चा आणि जर्क १४२.५ चा होता. दुसरा आलेला एस्टोनियाचा आर्नोल्ड लुहायार याचा प्रेस १०० आणि जर्क १५० किलोग्राम होता. या आकड्यांची म्युनिकच्या आकड्यांशी तुलना केली म्हणजे एक गंमत दिसते. चव्वेचाळीस वर्षांत विजेत्याचा स्नॅच शेकडा सुमारे ६३ नी वाढला, जर्क शेकडा सुमारे ६१ नी वाढला. प्रेस मात्र शेकडा सुमारे ९२ नी वाढला. शिक्षण सुधारले, आहार सुधारला, खेळाडूंचे देह मोठे झाले, हे सर्व खरे. पण या सुधारणांचा लाभ तिन्ही प्रकारांना सारखाच मिळावयास हवा होता. एकट्या प्रेससाठी निराळे बळ आले कोठून?

ते बळ खांद्यांत आलेले नव्हते. उचलण्याची रीत बदलली होती. सरळ अंगाने दांडी वर ढकलण्याऐवजी कमरेतून मागे झुकावयाचे, कटीचा झटका द्यावयाचा, छाती जवळजवळ आकाशाकडे करावयाची आणि मग हात ताणावयाचे, असा प्रघात हळूहळू पडत गेला. यात एका कोणा खेळाडूने लबाडी केली असे म्हणता येणार नाही. अलेक्सेयेव्ह हा निःसंशय प्रचंड शक्तीचा पुरुष होता, आणि पंच जे मान्य करीत होते तेच तो करीत होता. परंतु एका स्पर्धेत अंगाचा थोडासा बाक खपून गेला, तो पुढच्या स्पर्धेत नियम झाला, आणि त्यापुढच्या स्पर्धेत आणखी थोडा बाक खपवून घेणे भाग पडले. कोणता प्रेस शुद्ध व कोणता अशुद्ध याविषयी पंचांचे एकमत होईना. अखेर आंतरराष्ट्रीय संघटनेने म्युनिकनंतर हा प्रकारच स्पर्धेतून काढून टाकला. १९७३ पासून भारोत्तोलनात स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोनच प्रकार उरले आहेत.

आकडा वाढत गेला आणि तो आकडा ज्या गोष्टीचे माप होता ती गोष्टच हरवत गेली, असा या कथेचा सारांश आहे. तागडीचा काटा वाकला म्हणजे तिच्यात तोललेल्या मालाचे वजन सांगण्यात अर्थ उरत नाही. बलसाधनेत रीतीचे स्थान त्या काट्याचे आहे. अमुक इतके किलोग्राम उचलले, हे वाक्य अपुरे आहे. ते कसे उचलले हे सांगितल्यावाचून त्याचा अर्थ पुरा होत नाही.

जागतिक स्पर्धेत तीन पंच बसलेले असतानाही जे घडले ते घराशेजारच्या व्यायामशाळेत किती सहज घडत असेल, याची कल्पना करावी. तेथे पंच नसतो. खेळाडू तोच आणि पंचही तोच. शेजारी उभ्या असलेल्या मित्राने ८० किलोग्राम घेऊन बैठक मारलेली असते. आपल्या दांडीवर ६० च असतात. मग आणखी दोन चकत्या चढतात. बैठक पूर्ण खाली जाण्याऐवजी अर्ध्यावरूनच परतते, टाचा उचलल्या जातात, गुडघे आत वळतात, पाठीचा कणा गोल होतो. वहीत मात्र ८० ची नोंद होते. त्या तरुणाने अधिक व्यायाम केला असे त्याला वाटते. वस्तुतः मांड्यांना करावयाचे काम त्याने कमी केले, आणि जे काम कमरेने करावयाचे नव्हते ते तिच्यावर टाकले.

कमरेवर टाकलेले हे काम किती असते, हे साध्या तरफेच्या हिशेबाने समजू शकते. चकत्यांवर कोरलेला आकडा दांडीचा भार सांगतो. शरीराला पडणारा भार दांडीच्या अंतरावरही अवलंबून असतो. जमिनीवरून दांडी उचलण्याचा जो व्यायाम डेडलिफ्ट या नावाने ओळखला जातो, त्याचेच उदाहरण घेऊ. दांडी ५० किलोग्रामची आहे आणि ती कमरेच्या मणक्यापासून आडव्या मापाने ३० सेंटिमीटर दूर आहे, असे धरू. कणा ताठ राखणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या अगदी लगत असतात. त्यांना तरफेची भुजा जेमतेम ५ ते ६ सेंटिमीटरांची मिळते. ती ५ धरली, तर एवढ्या दांडीसाठी त्या स्नायूंना ३०० किलोग्रामची ओढ लावावी लागते. तीच दांडी पायांच्या नडग्यांना लगटून वर आणली व अंतर २० सेंटिमीटर राहिले, तर ती ओढ २०० वर येते. धडाचा स्वतःचा भार यात धरलेला नाही. दांडी तीच, चकत्या त्याच, माणूस तोच. केवळ चार बोटांच्या फरकाने एक तृतीयांश ओझे कमी झाले. रीत म्हणजे डौल नव्हे, ती हिशेबाची गोष्ट आहे, ती अशी.

आपल्याकडील जुन्या तालमींना हा हिशेब आकड्यांत मांडता येत नसे, पण तो त्यांना ठाऊक होता. जोर, बैठका, जोडी, मल्लखांब या व्यायामांची घडणच अशी आहे की, तेथे वजनापेक्षा रीतीचा विचार आधी करावा लागतो. जोडीचे वजन दांडीच्या मानाने फार नसते. परंतु ते मुठीपासून दूर, टोकाकडे साठवलेले असल्यामुळे मनगट किंवा कोपर चुकीच्या क्षणी वळले की खांदा ओढला जातो. म्हणून नव्या मुलाच्या हाती वस्ताद हलकी जोडी देत, आणि ती पाठीमागून अंगाला न लागता सरळ फिरू लागली म्हणजेच जड जोडीचा विचार करीत. वडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्राध्यापक माणिकराव हे व्यायामशिक्षक म्हणून जितके नावाजलेले होते तितकेच मोडलेली हाडे व निखळलेले सांधे बसविणारे म्हणूनही नावाजलेले होते. ज्याच्या हातांना निखळलेला खांदा परिचित आहे तो शिक्षक शिष्याच्या खांद्याकडे निराळ्या दृष्टीने पाहत असला पाहिजे, हे सहज समजण्याजोगे आहे.

मात्र तालमीतही मोह होताच. तेथे तो वजनाऐवजी संख्येचा होता. हजार बैठकांची कीर्ती गावभर होई, आणि त्या हजारांतील शेवटच्या तीनशे कशा झाल्या याची चौकशी कोणी करीत नसे. संख्येचा मोह आणि वजनाचा मोह ही एकाच रोगाची दोन रूपे आहेत.

येथवरचे विवेचन ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील की, वजन हलकेच ठेवावे, रीत निर्दोष राखावी आणि समाधान मानावे. हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. शरीर मोठे हिशेबी आहे. जे ओझे त्याला सवयीचे झाले त्यासाठी ते नवे बळ निर्माण करीत नाही. जो मनुष्य वर्षभर तीच हलकी दांडी त्याच सुंदर रीतीने उचलतो त्याला उत्तम सराव होतो. पहिल्या काही महिन्यांनंतर त्याची शक्ती मात्र वाढत नाही. क्रोटोनच्या मिलोची ग्रीक कथा सर्वश्रुत आहे. तो रोज एक वासरू खांद्यावर घेई. वासरू वाढत गेले तसा तोही बलवान होत गेला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील तत्त्व खरे आहे.

त्या तत्त्वाला शास्त्राची बैठक विसाव्या शतकात मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत गुडघे व मांड्या दुखावलेल्या सैनिकांची गर्दी झाली होती. त्यांना हलके व्यायाम पुष्कळ वेळा करावयास लावण्याची तेव्हा पद्धत होती, आणि त्याने बळ लवकर येत नसे. शिकागोच्या लष्करी रुग्णालयातील टॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टराने, जो स्वतः भारोत्तोलनाचा षौकीन होता, निराळा मार्ग धरला आणि १९४५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे वजन रुग्ण बरोबर दहा वेळा उचलू शकतो, अकराव्यांदा नाही, ते त्याने प्रमाण मानले. पुढे १९४८ मध्ये त्याने आपल्या सहकाऱ्यासह ही पद्धत सोपी केली: प्रथम या प्रमाणाच्या निम्म्या वजनाने दहा वेळा, नंतर पाऊण वजनाने दहा वेळा आणि शेवटी पूर्ण वजनाने दहा वेळा. शक्ती वाढली की प्रमाणही वाढवावयाचे.

या पद्धतीत वजन आणि रीत यांचा तंटा कसा मिटला आहे, हे पाहण्यासारखे आहे. शेवटचे वजन खरोखरच जड आहे; पण त्याच्याआधी तीच क्रिया निम्म्या आणि पाऊण ओझ्यावर वीस वेळा घडलेली आहे. हलके वजन शरीराला वाट दाखविते, जड वजन त्या वाटेने नेते. आजही चांगल्या व्यायामशाळांतून जड दांडीकडे असेच पायरीपायरीने जातात.

शरीरशास्त्राचाही याला दुजोरा आहे. नवशिक्याचे बळ पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, तेव्हा त्याचे स्नायू फारसे जाड झालेले नसतात. मेंदू व मज्जातंतू त्या क्रियेत अधिक तंतूंना एकाच वेळी कामास लावावयास शिकत असतात. म्हणजे आरंभीची शक्ती ही बव्हंशी एक विद्याच आहे, आणि या काळात जी रीत गिरवली जाईल तीच अंगवळणी पडते. पुढे स्नायू वाढू लागतात. पण त्यांना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा त्यांच्या मागून, सावकाश बळकट होतात. स्नायूला आणखी वजन पेलेल असे वाटत असते आणि कंडरा अजून सिद्ध झालेली नसते, हाच धोक्याचा काळ होय. ग्वाल्हेर किंवा इंदूर येथे ज्यांनी गाणे शिकणाऱ्यांचा रियाज ऐकला आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. सूर लागल्यावाचून लय वाढविली तर तान बेसूर होते. आणि लय कधीच वाढविली नाही तर तान होतच नाही.

हा प्रश्न उमेदीच्या तरुणांपुरताच नाही. नामवंत खेळाडूंनाही तो सुटत नाही, हे मणिपूरच्या मीराबाई चानू हिच्या कारकिर्दीवरून दिसते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिच्या सहा प्रयत्नांपैकी एकच यशस्वी झाला. क्लीन अँड जर्कमधील तिन्ही वाया गेले आणि तिची एकूण नोंदच होऊ शकली नाही. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली, आणि २०१८ मध्ये कमरेच्या दुखण्याने तिला कित्येक महिने स्पर्धेबाहेर बसावे लागले. २०२० च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धेत तिने ८८ आणि ११५ मिळून २०३ किलोग्राम उचलले. पण खांद्याची जुनी तक्रार तिला पुढे जाऊ देत नव्हती. त्या वर्षाच्या उत्तरार्धात ती अमेरिकेत गेली, आणि तेथे खांद्यांतील असमतोल दूर करण्यावर व उचलण्याची रीत सुधारण्यावर तिने वेळ खर्च केला. ऑलिंपिक समोर असताना एखाद्या जगज्जेतीने वजन बाजूला ठेवून पुन्हा खांद्याच्या हालचालींचे पाठ गिरवावेत, यास धैर्य लागते. २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंद येथे तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोग्राम उचलले. तिच्या वजनगटातील तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. त्याच वर्षी जुलैमध्ये तोक्यो येथे २०२ किलोग्राम उचलून तिने भारताला भारोत्तोलनातील पहिले रौप्यपदक मिळवून दिले.

रीत शुद्ध असली म्हणजे इजा होणारच नाही, असे मात्र कोणी मानू नये. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलोग्राम गटात स्नॅचनंतर आघाडीवर होता. त्याने ११३ आणि १३५ मिळून २४८ किलोग्रामची नोंद केली. नंतर १३९ किलोग्रामच्या प्रयत्नात त्याचे कोपर दुखावले. तशा हाताने तो पुन्हा दांडीपुढे उभा राहिला, पण वजन पेलले नाही. मलेशियाचा अनिक कसदान २४९ किलोग्रामांनी सुवर्णपदक घेऊन गेला. अंतर केवळ एका किलोग्रामचे होते. संकेतच्या धाडसाला कोणीही नावे ठेवणार नाही. रंगमंचावर अखेरचा प्रयत्न करताना खेळाडू आपल्या मर्यादेपलीकडे हात घालतो, आणि त्याची किंमत देण्याची त्याची तयारी असते.

परंतु स्पर्धेचा रंगमंच आणि रोजची व्यायामशाळा या दोन निराळ्या जागा आहेत, ही गोष्ट येथे नीट ध्यानात घ्यावयास हवी. आज जे आहे ते सारे दाखवावयाचे, हे स्पर्धेचे काम. उद्यासाठी साठवावयाचे, हे व्यायामशाळेचे काम. बहुतेक इजा होतात त्या या दोन जागांची गल्लत केल्यामुळे. ज्याला कोणी पदक देणार नाही, ज्याला उद्या सकाळी कचेरीत किंवा शेतावर जावयाचे आहे, त्याने मंगळवारच्या संध्याकाळी ऑलिंपिकचा अखेरचा प्रयत्न करण्याचे कारण नाही.

मग समतोल साधावा कसा? त्याचे नियम थोडे आहेत आणि साधे आहेत. आरंभी नुसती दांडी घ्यावी. स्पर्धेतील पुरुषांची दांडी २० किलोग्रामची व स्त्रियांची १५ किलोग्रामची असते, आणि कित्येकांना पहिल्या दिवशी तीही पुरेशी होते. जे वजन ठरविले ते प्रत्येक वेळी त्याच खोलीपर्यंत, त्याच वेगाने उतरवावे व चढवावे. हालचालीचा आकार मोडू लागला की मोजणी तेथेच थांबवावी. आणखी एकदोन वेळा उचलता आले असते असे वाटत असतानाच दांडी खाली ठेवणे हे नवशिक्याच्या हिताचे असते. सलग दोनतीन दिवसांच्या व्यायामांत ठरलेली संख्या शुद्ध रीतीने पुरी झाली, तर वजन वाढवावे; पण दोन्ही टोकांना सव्वा सव्वा किलोग्रामची चकती, म्हणजे एकूण अडीच किलोग्राम, एवढेच. वाढविलेल्या वजनाने रीत बिघडली तर निमूटपणे मागे यावे. मागे येणे हा पराभव नसून ती मोजमापाची दुरुस्ती आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शुद्ध रीत म्हणजे सर्वांसाठी एकच साचा नव्हे. ज्याच्या मांड्या लांब व धड आखूड आहे तो बैठकीत अधिक पुढे झुकणारच. त्याला उभट पाठीचा आग्रह धरणे म्हणजे त्याच्या हाडांशी भांडणे होय. भार पायाच्या मधोमध राहावा, कण्याची नैसर्गिक ठेवण ओझ्याखाली मोडू नये, सांधे ज्या दिशेने वाकावयाचे त्याच दिशेने वाकावेत, आणि हे सारे पहिल्या वेळेप्रमाणे शेवटच्या वेळीही टिकावे, इतके पाहिले म्हणजे पुष्कळ झाले. अनुभवी माणसाच्या अत्यंत जड प्रयत्नात किंचित फरक पडतो, त्याचाही बाऊ करू नये. फरक कोठवर चालेल हे त्याला अनुभवाने कळलेले असते. नवशिक्याला ते कळलेले नसते.

आज हा विषय पूर्वीपेक्षा अधिक घरांत जाऊन पोहोचला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे, आणि वृद्धांनाही त्यातून वगळलेले नाही. साठी उलटलेली स्त्री जेव्हा खुर्चीवरून हाताचा आधार न घेता सावकाश उठते व सावकाश बसते, तेव्हा ती बैठकच मारीत असते. तिचे ओझे म्हणजे तिचा स्वतःचा देह. तिने हे दहा वेळा नीट केले, पुढच्या महिन्यात हातात भरलेली पाण्याची बाटली घेऊन केले, तर तिने म्युनिकच्या वीरांपेक्षा कमी शास्त्रशुद्ध काम केले असे नाही. कदाचित अधिकच केले.

कारण शेवटी वजन हे साधन आहे आणि बळ हे साध्य आहे. दांडीवरचे ओझे व्यायाम संपताच रॅकवर परत ठेवावयाचे असते. घरी न्यावयाचा असतो तो खांदा, ती कंबर आणि ते गुडघे. पुढील पुष्कळ वर्षे त्यांच्याच बळावर धान्याचे पोते हलवावयाचे असते, नातवाला कडेवर घ्यावयाचे असते आणि जिना चढावयाचा असतो. वहीतील आकडा एखाद्या महिन्यात मागे राहिला, तर तो पुढच्या महिन्यात भरून काढता येतो. दुखावलेल्या कमरेचा हिशेब इतक्या लवकर मिटत नाही.